अरबीतल्या विद्वानावर विकिपीडियात लेख होऊ शकतो का, हे ठरवायचं कसं?

मराठी विकिपीडियावर अरबी भाषेतल्या एखाद्या विद्वानाचा लेख आला की चर्चा पानावर साधारण दोनच गोष्टी होतात. एक तर कोणीतरी गूगल स्कॉलर (शोधनिबंधांचं सर्च इंजिन) उघडून बघतं, तिथे जेमतेम काही सापडत नाही, आणि लगेच 'उल्लेखनीयता' (लेख होण्याइतकं महत्त्व) नाही म्हणून साचा, म्हणजे इशाऱ्याची पाटी, लागतो. नाहीतर उलटं, लेखात "६० ग्रंथांचे कर्ते, थोर अल्लामा" वगैरे लिहिलेलं असतं आणि अरबी कोणालाच येत नसल्यामुळे लेख तसाच वर्षानुवर्षं राहतो. दोन्ही चूक आहे. पहिल्यात खरोखर मोठा माणूस बाहेर राहतो आणि दुसऱ्यात कोणाच्यातरी शिष्याने लिहिलेलं कौतुक ज्ञानकोशात जातं. माझं म्हणणं एवढंच की किती लिहिलं हे मोजायचं सोडा, या माणसाशी काही घेणंदेणं नसलेल्या कोणी त्याच्या कामाची दखल घेतली ते शोधा, आणि ती दखल जिथे असते तिथे जाऊन शोधा. ती बहुतेक वेळा इंग्रजीत नसते.

अरबी वाचता येत नसेल तरी यातलं बरंचसं जमतं. लिपी ओळखता आली, नाव कॉपी-पेस्ट करता आलं आणि मशीन ट्रान्सलेशन सावधपणे वापरता आलं तर सुरुवात होते. उर्दू वाचणारं कोणी ओळखीत असेल तर अजूनच सोपं, लिपी जवळपास तीच.

पायरी १ : आधी माणूस नक्की करा

हे सगळ्यात कंटाळवाणं काम आहे आणि सगळ्यात जास्त गडबड इथेच होते, म्हणून यावर वेळ घालवा. अरबी नावात स्वतःचं नाव, वडिलांचं, आजोबांचं, मग गावाचं किंवा घराण्याचं असं ओळीने येतं, आणि पुस्तकाच्या कव्हरवर त्यातलं कधी किती छापतील याचा नेम नसतो.

एक उदाहरण बघा. अहमद मुहंमद शाकिर (१८९२-१९५८) हे इजिप्तचे हदीसचे (प्रेषित मुहंमदांच्या वचनांचे आणि आठवणींचे) विद्वान आणि जुन्या ग्रंथांचे संपादक. त्यांचे धाकटे भाऊ महमूद मुहंमद शाकिर (१९०९-१९९७), तेही जुन्या ग्रंथांचे संपादक, शिवाय साहित्य समीक्षक. आणि या दोघांशी काही संबंध नसलेले सीरियाचे महमूद शाकिर (१९३२-२०१४), इस्लामी इतिहासावर लांबलचक ग्रंथमाला लिहिणारे. तिघांच्याही कव्हरवर कधी कधी नुसतं शाकिर आडनावासारखं ठळक येतं, ऑनलाइन दुकानांत आणि लायब्ररीच्या कॅटलॉगात एकाची पुस्तकं दुसऱ्याच्या खात्यात पडलेली असतात. आता एखाद्याने इतिहासकार शाकिरवर लेख करताना किंग फैसल पुरस्कार (सौदी अरेबियाचा मोठा आंतरराष्ट्रीय पुरस्कार) त्यांच्या नावावर लावला तर तो पुरस्कार खरा आहे, पण मिळालाय १९८४ साली इजिप्तच्या महमूद शाकिरना, अरबी साहित्यासाठी. म्हणजे पुरावा खरा आणि माणूस चुकीचा, अशी अवस्था होते.

त्यामुळे पूर्ण नाव वडिलांच्या आणि आजोबांच्या नावासकट, जन्म-मृत्यूचं वर्ष, आणि देश, या तीन गोष्टी जुळल्याशिवाय कुठलाही संदर्भ त्या माणसाच्या खात्यात टाकू नका. विकिडेटावर (विकिपीडियाच्या माहिती-नोंदींच्या भावंड प्रकल्पावर) आणि मोठ्या लायब्ररींच्या नाव-नोंदींमध्ये एकाच माणसाची वेगवेगळी रूपं एकत्र दिलेली असतात, तिथून सुरुवात केलेली बरी, पण तिथेही दोन माणसं एकात मिसळलेली सापडतात हे लक्षात ठेवा.

टोपणनावंही बघा. आइशा अब्दुर्रहमान (१९१३-१९९८) या कुराणाच्या भाषेवर काम केलेल्या इजिप्तच्या फार मोठ्या अभ्यासक. त्यांनी आयुष्यभर 'बिन्त अश-शाती' या नावाने लिहिलं, अल-अहराम वर्तमानपत्रातलं लिखाणसुद्धा त्याच नावाने. नुसतं खरं नाव टाकून शोधलं तर त्यांच्याबद्दलचं निम्मं लिखाण हाती लागत नाही, आणि बायकांच्या बाबतीत हे जास्त होतं कारण त्या पिढीत घरच्या मर्यादेमुळे टोपणनाव घेणं हीच वाट असायची.

सर्च करताना अलिफ या अक्षरावरचं हमजा हे चिन्ह असलेलं आणि नसलेलं, शेवटचा 'या' टिंबांसकट आणि टिंबांशिवाय, शेवटचा गोल 'ता' आणि साधा 'हा', ही सगळी रूपं टाकून बघा. अरब लोक स्वतः टाइप करताना हे सर्रास गाळतात. इंग्रजी स्पेलिंगचं तर विचारूच नका, इजिप्तचे साहित्य-अभ्यासक 'शौकी दैफ' यांच्या एका नावाची चार-पाच स्पेलिंगं सहज मिळतात.

पायरी २ : हा कुठल्या प्रकारचा विद्वान आहे

इंग्रजी विकिपीडियावर प्राध्यापक-संशोधकांसाठी वेगळे ८ निकष आहेत आणि त्यातला एक जरी नीट पुराव्यासकट बसला तरी पुरतो. थोडक्यात : विषयावर मोठा परिणाम करणारं काम, मोठा पुरस्कार, मानाच्या विद्वत्संस्थेत निवडून मिळालेलं सदस्यत्व, अनेक विद्यापीठांत शिकवली जाणारी पुस्तकं, खास मानाची प्राध्यापकी, मोठ्या शिक्षणसंस्थेचं सर्वोच्च पद, विद्यापीठाबाहेर समाजावर पडलेला प्रभाव, आणि नावाजलेल्या जर्नलचं मुख्य संपादकपद. याशिवाय सगळ्यांना लागू असलेला सर्वसाधारण नियम आहेच, की स्वतंत्र आणि विश्वासार्ह स्रोतांत त्या माणसाबद्दल सविस्तर लिहिलेलं असलं पाहिजे.

आता अडचण अशी की हे ८ निकष विद्यापीठातला प्राध्यापक डोळ्यासमोर ठेवून केलेत आणि अरबीतले कितीतरी मोठे विद्वान त्या चौकटीत नव्हतेच. वर म्हटलेल्या महमूद मुहंमद शाकिरनी तरुणपणी डिग्री न घेताच युनिव्हर्सिटी सोडली, त्यांचे प्राध्यापक आणि नामवंत लेखक ताहा हुसैन यांच्याशी प्राचीन काव्यावरून झालेल्या वादात. नासिरुद्दीन अल्बानी (१९१४-१९९९) दमास्कसमध्ये घड्याळं दुरुस्त करायचे आणि लायब्ररीत बसून हदीस शिकले, त्यांना १९९९ मध्ये इस्लामी अभ्यासासाठी किंग फैसल पुरस्कार मिळाला. त्यामुळे "पीएचडी नाही" हे कारण चर्चा पानावर कोणी दिलं तर ते मान्य करू नका. आणि "पीएचडी आहे" हेही कारण नाही, ती लाखोंकडे आहे.

म्हणून आधी ठरवा : विद्यापीठातला प्राध्यापक आहे, भाषा अकादमीतला आहे, जुन्या हस्तलिखितांचा संपादक आहे, मदरशात शिकवणारा आहे, की चार-पाचशे वर्षांपूर्वीचा आहे. प्रत्येकाचा पुरावा वेगळ्या जागी असतो.

पायरी ३ : गेलेल्या माणसासाठी चरित्रकोश

जुन्या विद्वानांचं काम खरंतर सोपं आहे कारण अरबीत चरित्रकोशांची परंपरा प्रचंड आहे. आधुनिक काळातला सगळ्यात हाताशी येणारा म्हणजे खैरुद्दीन झिरिकलींचा 'अल-आलाम'. १९२७ मध्ये ३ खंडांत आला आणि वाढत वाढत ८ खंडांचा झाला, नोंदी आटोपशीर, आणि पुष्कळ ठिकाणी त्या विद्वानाच्या हस्ताक्षराचा फोटोसुद्धा छापलाय. यात हयात माणसं घेतलेली नाहीत आणि झिरिकली स्वतः १९७६ मध्ये गेले, तेव्हा त्यानंतर वारलेल्यांसाठी मुहंमद खैर रमदान यूसुफ यांची पुरवणी बघावी लागते. दुसरा उमर रिदा कह्हालांचा लेखककोश, १५ भागांचा. हा जवळपास ज्याने ज्याने काही लिहिलं त्याला घेतो, म्हणून मी तरी नुसत्या कह्हालातल्या चार ओळींवर लेख मान्य करणार नाही, झिरिकलीतल्या नोंदीला जास्त वजन देईन.

भारतीय विद्वानांसाठी अब्दुल हय्य हसनींचा 'नुज़हतुल ख़वातिर' आहे, अरबीतच लिहिलेला, ८ खंड, हैदराबादच्या दाइरतुल मआरिफ या प्रकाशनसंस्थेने छापलेला. मराठी वाचकाने हा माहीत करून घ्यावाच कारण कोकण, खानदेश, बुऱ्हाणपूर, अहमदनगर, विजापूर या पट्ट्यातली माणसं त्यात भेटतात.

एकदा पूर्ण करून बघू. माहीमचे मखदूम अली माहिमी. मुंबईत दर्ग्यामुळे आणि उरुसामुळे सगळ्यांना नाव माहीत, पण अरबी ग्रंथकार म्हणून लेख करायचा तर दर्ग्याची गर्दी हा पुरावा नाही, तो दर्ग्याच्या लेखात जाईल. विद्वान म्हणून पुरावा काय? एक, 'तब्सीरुर्रहमान' हे त्यांचं कुराणावरचं अरबी भाष्य हिजरी १२९५ मध्ये, म्हणजे १८७८ साली, कैरोच्या बूलाक छापखान्यात छापलं गेलं. माहीमच्या माणसाचं पुस्तक लिहिल्यानंतर साडेचारशे वर्षांनी इजिप्तच्या सरकारी छापखान्याला छापावंसं वाटलं, यात कोणा शिष्याचा हात नाही. दोन, 'नुज़हतुल ख़वातिर'मध्ये त्यांची नोंद आहे. तीन, सूफी विचारवंत इब्न अरबींच्या 'फुसूस' या ग्रंथावर त्यांची टीका (भाष्य) आहे आणि त्या ग्रंथाच्या टीकाकारांवर वेगळं संशोधन होत असतं, तिथे शोधायचं. एवढ्यावर उल्लेखनीयतेचा प्रश्न संपतो.

इथे तारखांची एक टीप. हिजरी वर्षाला ०.९७ ने गुणून ६२२ मिळवले की इसवी सन साधारण येतो. माहिमी गेले हिजरी ८३५ मध्ये. गणित केलं तर १४३२ येतं, काही ठिकाणी १४३१ लिहिलेलं दिसतं, आणि त्यावरून संपादन-युद्ध (एकमेकांचे बदल उलटवत राहणं) करायची गरज नाही कारण हिजरी वर्ष दोन इसवी सनांवर पसरतं. महिना माहीत नसेल तर १४३१-३२ लिहा आणि सोबत हिजरी वर्ष द्या.

पायरी ४ : अकादम्या आणि पुरस्कार

आधुनिक विद्वानासाठी सगळ्यात पक्का पुरावा इथे मिळतो. अरबी भाषेच्या अकादम्या या खऱ्या अर्थाने निवडक संस्था आहेत : दमास्कसची १९१९ ची, मुहंमद कुर्द अली तिचे पहिले अध्यक्ष, कैरोची १९३२ ची, बगदादची १९४७ ची, अम्मानची १९७६ ची. कैरोच्या अध्यक्षांमध्ये लुत्फी सय्यद, ताहा हुसैन, इब्राहीम मदकूर, शौकी दैफ अशी नावं आहेत. अशा अकादमीचं निवडून मिळालेलं पूर्ण सदस्यत्व असेल तर माझ्या मते वरच्या ८ पैकी तिसरा, विद्वत्संस्थेच्या सदस्यत्वाचा, निकष सरळ बसतो आणि पुढे वाद घालायचं कारण नाही.

पत्रव्यवहारी सदस्य हा प्रकार मात्र जरा बघून घ्यावा लागतो. दुसऱ्या देशातल्या विद्वानांना हा मान देतात. आपल्याकडचे राजकोटच्या बाजूचे अब्दुल अझीझ मैमनी हे दमास्कसच्या अकादमीचे असे सदस्य होते, लखनऊचे अबुल हसन अली नदवीसुद्धा. मैमनींच्या बाबतीत बाकी पुरावाही भक्कम आहे. पण एखाद्याच्या बाबतीत हा एकच धागा असेल तर अकादमीच्या स्वतःच्या जर्नलमध्ये त्याची निवड छापून आली का ते शोधा, दमास्कसचं जर्नल १९२१ पासून निघतंय. "मी अमुक अकादमीचा सदस्य" असं पुस्तकाच्या मागच्या कव्हरवर असणं पुरेसं नाही.

पुरस्कारांत किंग फैसल पुरस्कार सगळ्यात वरचा, १९७९ पासून दिला जातो. पहिल्याच वर्षी इस्लामी अभ्यासासाठी फुआत सेझगिन, १९८० मध्ये अरबी साहित्यासाठी इहसान अब्बास, १९८१ मध्ये अब्दुस्सलाम हारून, १९८३ मध्ये शौकी दैफ, १९९४ मध्ये आइशा अब्दुर्रहमान. पण विभाग बघा! १९८० मध्ये नदवींना मिळाला तो इस्लामच्या सेवेसाठीचा, त्याच वर्षी मुहंमद मुस्तफा आझमींना मिळाला तो इस्लामी अभ्यासासाठीचा. दोघेही उत्तर प्रदेशातले, दोघांवरही लेख होणारच, पण विद्वत्तेच्या निकषासाठी आझमींचा पुरस्कार थेट चालतो आणि नदवींसाठी त्यांच्या ग्रंथांची दखल वेगळी दाखवावी लागते. सेवेचा पुरस्कार राजकारणी आणि कार्यकर्त्यांनाही मिळतो.

त्याखाली इजिप्तचा राज्य सन्मान पुरस्कार, अमिरातीतला अल-उवैस पुरस्कार, शेख झायेद ग्रंथ पुरस्कार हे सगळे वजनदार आहेत. भारतात अरबीसाठी राष्ट्रपतींचं सन्मानपत्र असतं, १९५८ पासूनची योजना. हे मी पूरक पुरावा म्हणून धरते, एकट्याने पुरेल असं नाही. स्थानिक संस्थांची ट्रॉफी, मानद डॉक्टरेट विकणाऱ्या संस्था, "शतकातील १०० विद्वान" छाप याद्या, यांच्याकडे बघूसुद्धा नका.

पदांचं थोडक्यात : कैरोच्या अल-अझहर या जुन्या विद्यापीठाचे शेख (प्रमुख) असतील, महमूद शल्तूत होते तसे, किंवा मोठ्या विद्यापीठाचे कुलगुरू असतील तर निकष बसतो. विभागप्रमुख, डीन, मशिदीचे इमाम, जिल्ह्याचे मुफ्ती, हे नाही बसत. आपले आसफ अली असगर फैजी, माथेरानला १८९९ मध्ये जन्मलेले, मुंबईच्या गव्हर्नमेंट लॉ कॉलेजचे प्राचार्य, इजिप्तमध्ये भारताचे राजदूत, पुढे जम्मू-काश्मीर विद्यापीठाचे कुलगुरू, १९६२ चं पद्मभूषण. इतकं असल्यावर लेख होतोच, पण बहुतेक ठिकाणी त्यांनी काझी नुमानच्या 'दआइमुल इस्लाम' या जुन्या इस्माइली कायदा-ग्रंथाचं अरबी संपादन कैरोत छापून आणलं हे एका ओळीत उरकतात. लेख होणार हे ठरलं तरी का होणार हे विसरू नये.

पायरी ५ : सायटेशन (इतरांच्या शोधनिबंधांत दिलेले संदर्भ) नसताना प्रभाव कसा दाखवायचा

गूगल स्कॉलर आणि स्कोपसमध्ये अरबी मजकूर फार अपुरा आहे, १९८० च्या आधीचा तर जवळपास नाहीच. म्हणजे तिथला शून्य हा त्या डेटाबेसबद्दल सांगतो, माणसाबद्दल नाही. अरबी डेटाबेस वेगळे आहेत : रियाधचं दार अल-मंझूमा, अम्मानचं ई-मारिफा, अल-मनहल. त्यातले बरेचसे पैसे भरूनच वाचता येत असले तरी शीर्षक-सर्च सहसा फुकट होतो आणि आपल्याला तेवढंच बघायचं असतं, की या माणसावर किंवा त्याच्या पद्धतीवर कोणी एमए-पीएचडीचे प्रबंध लिहिलेत का. दुसऱ्या विद्यापीठात, दुसऱ्या देशात लिहिलेला प्रबंध असेल तर तो सोन्यासारखा पुरावा. जुन्या मासिकांसाठी सख्र ही अरबी सॉफ्टवेअर कंपनी काढणाऱ्या मुहंमद अश-शारिख यांनी उभारलेला ऑनलाइन संग्रह आहे, 'अर-रिसाला' (१९३३-५३), 'अल-हिलाल' वगैरेंचे अंक त्यात चाळता येतात. पुस्तकाचं परीक्षण, वाद, मृत्युलेख, हे सगळं तिथे सापडतं. अर-रिसालामधलं एक कडक टीकेचं परीक्षणसुद्धा दहा कौतुकांपेक्षा मोलाचं, कारण वाद घालावा इतकं ते काम महत्त्वाचं वाटलं होतं.

पाठ्यपुस्तकाचा निकष अरबीत फार उपयोगी पडतो. शौकी दैफ यांची अरबी साहित्याच्या इतिहासाची मालिका अरब देशांत तर शिकवतातच, भारतातल्या अरबी विभागांच्या वाचनयाद्यांतही असते. विद्यापीठांच्या वेबसाइटवर अभ्यासक्रमाच्या पीडीएफ असतात, त्या उघडा आणि वेगवेगळ्या संस्थांचे संदर्भ द्या.

आणि हस्तलिखितांचे संपादक. यांच्याबाबत लोक हमखास म्हणतात की याने स्वतःचं काय लिहिलं, दुसऱ्याचंच तर छापलं. हे ऐकलं की मला खरंच वाईट वाटतं. आठ-दहा हस्तलिखितं शोधायची, एकेक ओळ ताडून बघायची, पाठभेद तळटीपेत द्यायचे, नावं-कविता-हदीस यांचा माग काढायचा, सूची करायची, यात माणसाची उमर जाते. अब्दुस्सलाम हारून (१९०९-८८) यांनी जाहिझ हा जुना गद्यलेखक आणि सीबवैह हा जुना व्याकरणकार संपादित केले, आज कुठल्याही देशातला अभ्यासक सीबवैहचा हवाला देताना बहुतेक हारून यांच्याच आवृत्तीचं पान देतो. हाच प्रभाव. तो दाखवायचा असेल तर पाश्चात्त्य आणि अरब अशा दोन्हीकडच्या शोधनिबंधांच्या ग्रंथसूच्या उघडा आणि कुठली आवृत्ती वापरलीय ते बघा.

आपल्या दारातलं उदाहरण भिवंडीचं आहे. दमास्कसच्या मिझ्झींचा (मृत्यू १३४१) 'तुहफतुल अशराफ' हा सहा हदीसग्रंथांचा अवाढव्य सूची-ग्रंथ अब्दुस्समद शरफुद्दीन यांनी संपादित करून १९६५ पासून खंडाखंडाने भिवंडीच्या अद-दार अल-कय्यिमाकडून काढला. हदीसच्या अरबी अभ्यासकांच्या ग्रंथसूचीत प्रकाशनस्थळ म्हणून "भिवंडी" छापलेलं दिसतं! पुढे १९९९ मध्ये बश्शार अव्वाद मारूफ यांनी बैरुतहून याच ग्रंथाची नवी आवृत्ती काढली. अशा वेळी नंतरच्या संपादकाच्या प्रस्तावनेत आधीच्या आवृत्तीवर काय लिहिलंय ते वाचायचं, चांगलं असो की वाईट, ती एका जाणकाराने केलेली स्वतंत्र दखल असते. अशा माणसावर मराठीत लेख करायची जबाबदारी दुसरं कोण घेणार?

एक सावधगिरी : मोठाली संपादनं टीमने होतात. शुऐब अर्नाऊत यांच्या देखरेखीखालचा 'मुस्नद अहमद' हा हदीससंग्रह ५० खंडांचा आहे आणि त्यावर अनेकांनी काम केलंय. त्या टीममधला प्रत्येक जण आपोआप उल्लेखनीय होत नाही, मुखपृष्ठामागचं पान वाचून कोणाचं काम काय ते बघा.

पायरी ६ : स्रोत खरंच स्वतंत्र आहे का

इथे कडक व्हा. शिष्याने लिहिलेलं चरित्र, मुलाने काढलेला स्मृतिग्रंथ, संस्थेच्या मासिकातला आपल्याच माजी शिक्षकावरचा लेख, प्रकाशकाचा ब्लर्ब, विद्यापीठाचं स्टाफ पेज, स्वतःची वेबसाइट, हे जन्मगाव आणि तारखांपुरते वापरा, उल्लेखनीयतेसाठी नाही. अरबी परंपरेत गुरूंची आणि इजाज़ांची (गुरूने दिलेल्या शिकवायच्या परवानग्यांची) लांबलचक यादी देतात. ती माहिती म्हणून छान असते, पण मोठ्या गुरूकडे शिकला म्हणून शिष्य मोठा असं ज्ञानकोशात चालत नाही. आणि दहा वेबसाइटवर एकच मजकूर शब्दशः असेल तर तो एकच स्रोत. एखादं वाक्य अवतरणचिन्हात टाकून शोधा, लगेच कळतं.

गौरव-ग्रंथात मात्र फरक करा. वेगवेगळ्या देशांतल्या नावाजलेल्या अभ्यासकांनी आपापले शोधनिबंध लिहून अर्पण केले असतील तर तो मान आहे. नुसते आठवणींचे आणि स्तुतीचे लेख असतील तर ते घरचंच.

हयात माणसाबद्दल याहून जास्त काळजी. वादग्रस्त फतवा, अटक, पंथाचे झगडे यांबद्दल एका बाजूच्या चॅनेलवरून एक ओळही घेऊ नका. लेख त्या विद्वानाच्या ऑफिसमधल्या कोणी किंवा पैसे घेऊन कोणी लिहित असेल तर ते उघड सांगणं बंधनकारक आहे, तसं वाटलं तर सदस्याच्या चर्चा पानावर सौम्यपणे विचारा.

पायरी ७ : निर्णय आणि तो मांडायचा कसा

चर्चा पानावर २५ लिंका ओतू नका, कोणी उघडत नाही. सगळ्यात चांगले ३ स्रोत द्या. प्रत्येकाचं लेखक, ग्रंथ, वर्ष, खंड, पान देवनागरीत लिहा, आणि त्या पानावर नेमकं काय म्हटलंय ते मराठीत दोन वाक्यांत सांगा. अरबी न येणाऱ्या प्रचालकाला (विकिपीडियाच्या अॅडमिनला) त्यावर मत देता आलं पाहिजे. मशीन ट्रान्सलेशन वापरलं असेल तर तसं लिहा आणि नावं हाताने तपासा, मशीन माणसाच्या नावाचाही अर्थ लावून मोकळं होतं.

लेखात अल्लामा, हजरत, मौलाना, दामत बरकातुहुम हे सगळं काढून टाका, नाव एकाच पद्धतीने लिहा आणि बाकीच्या रूपांवरून पुनर्निर्देशन (त्या लेखाकडे नेणारी वाट) द्या.

तीन चांगले स्रोत मिळालेच नाहीत तर लेख धूळपाटीवर (कच्च्या मसुद्याच्या पानावर) ठेवा आणि जे मिळालं ते पानांच्या आकड्यांसकट तिथेच नोंदवून ठेवा. त्याने संपादित केलेल्या ग्रंथाच्या लेखात किंवा त्याच्या संस्थेच्या लेखात एक परिच्छेद बसतो का बघा, विकिडेटावर नोंद करा म्हणजे नावाची रूपं तरी एकत्र राहतील, आणि अरबी विकिपीडियाच्या चर्चा पानावर सरळ इंग्रजीत विचारा की अमुक मासिकाचा अमुक अंक कोणाकडे आहे का.